बसायला कोणीतरी हवं

शनिवारी सकाळी नळ उघडला आणि पाणी आलं, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटलं.

आमच्या आवारात घरं दोन होती आणि टाकी एक. एका घरात मी, दुसऱ्यात मिस्टर प्रॉसर. अदिस अबाबात तेव्हा नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही त्याची मर्जी असेल तर. त्यामुळे सगळा भरवसा त्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर. प्रॉसर शनिवारी सकाळी निवांत आंघोळ करायचे. वेल्श भाषेतली चर्चची गाणी म्हणत करायचे, आणि त्यांना गाणी बरीच येत होती. त्यांची आंघोळ संपली की टाकीही संपलेली असायची. मग मी भांडी तशीच ठेवून दुपारपर्यंत वह्या तपासत बसायचे. त्या दिवशी मात्र नळाला जोराची धार होती आणि पलीकडून गाणं येत नव्हतं.

मी आधी भांडी घासून घेतली. मग आंघोळ केली, केस धुतले. मग फाटकावरच्या रखवालदाराला, आबेराला म्हटलं, जरा साहेबांचं दार वाजवून बघ.

साहेब खुर्चीत होते. एक मोजा पायात, एक हातात. मोजे घालत होते की काढत होते, हे कळायला मार्ग नव्हता. शाळेचे डॉक्टर आले, म्हणाले हृदय बंद पडलं, बहुधा काल संध्याकाळीच. म्हणजे काढत होते.

मी प्रफुल्ला कारखानीस, पेणची. अदिस अबाबातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवायला येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. प्रॉसर भूगोल शिकवायचे. साठी उलटलेली, उंच, जरा पोक आलेलं, आणि या शाळेत सगळ्यांत जुने. अशा शाळांमधून शिक्षकाला कोणी 'तुम्ही कुठले?' असं विचारत नाही, 'याआधी कुठे होतात?' असं विचारतात. स्टाफरूममध्ये माणसं जकार्ता, दोहा, लिमा ही नावं बसथांब्यांसारखी सांगत. करार दोन वर्षांचा. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर जो तो पुढच्या देशाच्या मुलाखती द्यायला लागायचा आणि जूनमध्ये कुकर, गालिचे, सायकली विकून निघून जायचा. माझा मिक्सर अशाच एका फिलिपिनो बाईंचा होता, आणि त्यांना तो एका घानाच्या बाईंकडून मिळालेला.

प्रॉसर अकरा देश करून इथे आले होते आणि इथून हलले नव्हते. का हलले नाहीत, ते मी कधी विचारलं नाही, कारण आम्ही बोलत नव्हतो.

झालं होतं असं, की माझ्या सहामाहीच्या पेपरात एक गणित होतं. दोन स्थानकांवरून दोन गाड्या एकाच वेळी निघतात, कुठे भेटतील? साधं गणित. पेपर झाल्यावर शिक्षकांच्या सभेत प्रॉसर उठून उभे राहिले आणि म्हणाले, मिस कारखानीस यांच्या गणितात एक अडचण आहे. या देशात सध्या धड चालणारी आगगाडी नाही, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती पाहिलेलीही नाही. सभेत लोक हसले. मी म्हटलं, मुलांनी चंद्रावरची माणसंही पाहिलेली नाहीत. ते शांतपणे म्हणाले, पण चंद्र पाहिलाय. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांना ते कळलं की नाही कोणास ठाऊक. ते मुळात कमी बोलायचे, आणि बोलले तर चूक दाखवायलाच.

तर त्या शनिवारी मुख्याध्यापिका मिसेस लॉकहार्ट गाडी घेऊन आल्या. कॅनडाच्या, अतिशय व्यवस्थित बाई. आग लागली, दंगल झाली, भूकंप झाला तर कुणी काय करायचं हे त्यांनी शाळेत सगळं ठरवून ठेवलेलं होतं. शिक्षक घरातच मेला तर काय करायचं हे मात्र ठरलेलं नव्हतं. त्यांनी दूतावासाला फोन केला. दूतावासाने एक पुतण्या शोधून काढला. पुतण्याने आधी विचारलं, काका सध्या कुठल्या देशात होते? मग म्हणाला, तिथेच जे करायचं ते करा, माझी हरकत नाही.

मिसेस लॉकहार्ट फोन ठेवून ओट्यावर बसल्या. बुधवारी शाळेत छोटीशी शोकसभा घेऊ, असं म्हणाल्या. कोण बोलेल, असंही म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहा विचारला.

तेवढ्यात बाहेर कर्णा वाजला. एक माणूस कर्णा वाजवत गल्लीतून चालला होता आणि मध्येच थांबून ओरडून काहीतरी सांगत होता. मला त्यातलं 'प्रोसेर' एवढंच कळलं. त्याच्या मागोमाग फाटकातून आठ-दहा माणसं आत आली. कोणाच्या खांद्यावर बांबू, कोणाच्या डोक्यावर ताडपत्री, दोघांनी मिळून धरलेली लांब बाकं. पुढे कोट घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. त्यांनी टोपी काढून सांगितलं की आपण अतो मेकोनेन. अतो म्हणजे श्रीयुत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि या वस्तीच्या इद्दिरचे अध्यक्ष.

इद्दिर म्हणजे काय ते मला तोवर ऐकूनच माहीत होतं. वस्तीतल्या घरांनी मिळून चालवलेलं मंडळ. गणपतीचं असतं तसं नव्हे, फक्त मयताचं. कोणाच्या घरी कोणी गेलं की मंडळ तंबू आणतं, बाकं आणतं, रांधतं, खड्डा खणतं, आणि सगळे सभासद येऊन बसतात. न येणाऱ्याला दंड होतो.

अतो मेकोनेन म्हणाले की मिस्टर प्रॉसर नऊ वर्षांपासून आमचे सभासद आहेत. आता कृपा करून ही गाडी हलवा, तंबू इथे येणार.

मिसेस लॉकहार्टनी गाडी हलवली.

तंबू अर्ध्या तासात उभा राहिला. बाया आल्या, त्यांनी माझ्याच ओट्याच्या बाजूला तीन दगड मांडून चूल पेटवली आणि गहू नि हरभरे शिजायला घातले. आपल्या घुगऱ्याच. तंबूत एका टोकाला जमिनीवर गादी टाकली गेली. मग अतो मेकोनेन गादीकडे बघत उभे राहिले. त्यांचं इंग्रजी छान होतं. केरळच्या कोणा मास्तरांनी शिकवलेलं, आणि त्यासाठी बोटांवर पट्ट्या मारलेल्या, हे त्यांनी मला पुढे दोनदा सांगितलं.

"इथे कोण बसेल?" त्यांनी विचारलं.

मिसेस लॉकहार्टनी समजावलं की मिस्टर प्रॉसरना इथे कोणी नाही. पुतण्या आहे, पण तो येणार नाही. अतो मेकोनेननी ऐकून घेतलं. म्हणाले, लोक भेटायला येणार. ते कोणाला भेटणार? गादीला? घरातलं कोणीतरी बसायला हवं. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही याच आवारात राहता?"

"हो."

"पाणी एकच?"

"टाकी एक आहे," मी म्हटलं.

"मग तुम्ही."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की असं चालणार नाही. मी त्यांची कोणी नाही, मी हिंदू आहे, आणि खरं सांगायचं तर आमचं बोलणंही नव्हतं. अतो मेकोनेन म्हणाले, माझं माझ्या सख्ख्या भावाशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तो गेला तेव्हा बसलो मीच.

बाया तोवर एक पांढरी शाल घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली आणि मला बसवलं.

माझ्या शेजारी वैझेरो अस्कालेच येऊन बसल्या. वैझेरो म्हणजे श्रीमती. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाई, हातापायांच्या काड्या, कपाळावर गोंदलेलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला त्यांची अम्हारिक भाषा बाजारापुरती यायची. टोमॅटो, कमी करा, नको, उद्या. एवढ्यावर आम्ही बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं ते धरलंच. मी ताठ बसले की पाठीवर हलकेच थाप मारून मला वाकवायच्या. दुःखात असलेली बाई अशी शाळेतल्यासारखी बसत नाही, असं त्यांना म्हणायचं असावं.

लोक येऊ लागले. एकेक जण वाकून 'एग्झियाबहेर यात्स्नाश' म्हणायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. देव तुला बळ देवो, असा त्याचा अर्थ, आणि तो 'तुला' बाईलाच म्हणतात तसा. त्यावर आपण 'आमेन' म्हणायचं. मी पहिल्या दिवशी किती आमेन म्हटले देव जाणे.

रविवारी दफन झालं. सगळं मंडळ पायी निघालं. वाटेत अतो मेकोनेननी मला प्रॉसरांविषयी सांगितलं. हे गृहस्थ इद्दिरच्या प्रत्येक सभेत उठून उभे राहायचे. बाकांना नंबर घाला, म्हणायचे. बाकं हरवतात, कारण त्यांना नंबर नाहीत. दर वर्षी ठराव मांडायचे, दर वर्षी तो पडायचा.

"मग बाकं हरवतात?" मी विचारलं.

"हरवतात," अतो मेकोनेन म्हणाले.

पण एकही मयत त्यांनी चुकवलं नव्हतं. शाळा सुटली की यायचे, बाकं उचलायचे, मागच्या रांगेत बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. वैझेरो अस्कालेच यांचा मुलगा गेला तेव्हाही आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन वाकले. बाईंना वाटलं, आता दोन शब्द बोलतील. प्रॉसर म्हणाले, तंबूचं तोंड वाऱ्याकडे केलंय, म्हणून धूर आत येतोय. आमच्याबरोबर चालणाऱ्या अस्कालेच बाईच हे सांगत होत्या, आणि सांगताना वाऱ्याची दिशा हाताने दाखवत होत्या. धूर खरंच येत होता, असं अतो मेकोनेननी भाषांतराला जोडलं.

त्या संध्याकाळी पुण्याहून माझ्या भावाचा, विद्याधरचा फोन आला. दर रविवारी यायचा. मी म्हटलं, आता फार बोलता येणार नाही, मी मयताला बसलेय. कोणाच्या, तर शेजाऱ्याच्या. तो तुझा कोण, असं त्याने विचारलं. कोणी नाही म्हटलं. मागून वहिनी विचारत होती की सुतक धरायचं का. विद्याधर म्हणाला, "अगं, पण तू कशाला बसलीस? तिथे त्यांची माणसं नाहीत का?"

"मीच आहे," मी म्हटलं, आणि माझी मलाच गंमत वाटली.

सोमवारी शाळेतले शिक्षक आले. काळे कपडे, हातात फुलं. फुलं कुठे ठेवायची ते कोणाला कळेना, म्हणून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. घुगऱ्या खाल्ल्या, दहा मिनिटं बसले. मिसेस लॉकहार्ट जाताना गुडघ्यांवर बसून मला म्हणाल्या, तुम्ही दोघं इतके जवळचे होता हे मला माहीत नव्हतं. काही खुलासा करण्यात अर्थ नव्हता. मी आमेन म्हटलं.

मंगळवार, दफनापासून तिसरा, हा शेवटचा दिवस. मला एव्हाना बसायची सवय झाली होती. वाकून कसं बसायचं, कोण आलं की मान किती खाली घालायची, सगळं जमायला लागलं होतं. दुपार कलली तशी माणसं उठायला लागली. बायांनी पातेली आवरली. तंबूच्या मागच्या बाजूला एक माणूस दोर सोडू लागला. निघणारे पुन्हा एकदा एकेक करून येत होते, वाकत होते. सर्वांत शेवटी वैझेरो अस्कालेच यांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि म्हणाल्या, "एग्झियाबहेर यात्स्नाश."

मी आमेन म्हणायला तोंड उघडलं आणि ते काही बाहेर आलं नाही.

आधी मला वाटलं, धुराने डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की चूल कधीच विझलीय. मी रडत होते, आणि साधं रडत नव्हते. खांदे हलत होते, नाक वाहत होतं, घशातून कुठला तरी आवाज येत होता. मला थांबता येईना. अस्कालेच बाई जराही दचकल्या नाहीत. त्या पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "प्रोसेर?"

मी मान हलवून नाही म्हटलं. मग मला येत होता तो शब्द मी म्हटला. भाजीवाली बाई मला लाडाने म्हणायची, त्यामुळे ठाऊक होता.

"एनाते."

म्हणजे माझी आई.

बाईंनी विचारलं असावं, कधी. मी चार बोटं दाखवली. त्यांनी छातीवर हात मारून मोठ्याने काहीतरी म्हटलं आणि बाजूच्या बायाही घाबऱ्याघाबऱ्या काहीतरी बोलू लागल्या. अतो मेकोनेन धावत आले. त्यांनी मला विचारलं, चार दिवसांपूर्वी तुमची आई गेली आणि तुम्ही इथे बसलात?

"चार वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी तसं सांगितलं. मला वाटलं, आता ह्या उठतील. चार वर्षं म्हणजे काही कमी नव्हे. अस्कालेच बाई उठल्या नाहीत. त्यांनी अतो मेकोनेनना एक प्रश्न विचारला, आणि तो त्यांनी मला इंग्रजीत सांगितला.

"त्या विचारतायत, तेव्हा कोण बसलं होतं?"

"माझा भाऊ."

"आणि तुम्ही?"

मला पेणचं घर दिसलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातलेली. तिच्यावर विद्याधर, मुंडण केलेला, मांडी घालून. लोक येऊन त्याच्याजवळ बसायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे, आईचं शेवटचं आजारपण विचारायचे. तो मला हाक मारून विचारायचा, कारण औषधांची नावं त्याला माहीत नव्हती. तो पुण्याहून आला होता. मी आतून नावं सांगायची. आईचं सगळं मीच केलं होतं. लग्नाचं मग राहूनच गेलं. त्या तेरा दिवसांत स्वयंपाकघराच्या दारात पुष्कळ लोक आले. डोकावून म्हणायचे, त्यातला एक बिनसाखरेचा. वाईट कोणीच नव्हतं. माझंही सांत्वन करायचं असतं, हे त्यांना सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि मी आमच्याकडे कोणाला नकाशात दाखवताही येणार नाही अशा गावच्या शाळेत अर्ज केला. सगळे म्हणाले, या वयात हिला काय हे सुचलं.

"मी चहा करत होते," मी अतो मेकोनेनना सांगितलं.

त्यांनी ते अम्हारिकमध्ये सांगितलं. फक्त अस्कालेच बाईंना नाही, तर तंबूकडे तोंड करून, सभेत सांगतात तसं, मोठ्याने. फाटकापर्यंत गेलेली माणसं थांबली. मग एक बाई हातातलं पातेलं खाली ठेवून जवळच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली. फाटकातून तिघं-चौघं परत आले.

अतो मेकोनेन पांढऱ्या मिशांवरून हात फिरवत उभे होते. त्यांची अडचण मला दिसत होती. नियमाचा माणूस. तंबू सभासदांसाठी असतो आणि मी सभासद नव्हते. तिसरा दिवस संपला होता, तंबू उतरवायला हवा होता. त्यांनी मला विचारलं की तुम्हाला इद्दिरचं सभासद व्हायचं आहे का. मी हो म्हटलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं.

त्यांनी थोडा विचार केला. "शनिवारपासून," ते म्हणाले. मग ते मागे वळले. दोर सोडणारा माणूस अर्धवट सुटलेला दोर हातात धरून ताटकळत होता. त्याला त्यांनी सांगितलं, बांध.

अस्कालेच बाईंनी माझं मनगट पुन्हा धरलं होतं. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, आणि ती समजायला भाषांतर लागलं नाही.

"इंदुमती," मी म्हटलं.

त्यांनी ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवून पाहिलं. मग डोक्यावरची शाल मागे सारली, डोळे मिटले आणि उंच, पातळ आवाजात हेल काढून पहिली हाक मारली, "इंदुमाती". बाकांवरच्या सगळ्या बायांनी ती उचलली.